ग्राउंड लूप आयसोलेटर: अल्टरनेटरच्या शिट्टीवर किती कामाचा?

गाडीत नवा अ‍ॅम्प आणि वूफर बसवला की अनेकांना ही तक्रार सुरू होते: इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ, इंजिन चालू केलं की गाण्यामागे एक बारीक शिट्टी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो, पाय काढला की उतरतो. कार डेकोरच्या दुकानात हे सांगितलं की काउंटरवर बहुतेक वेळा एकच वस्तू येते, ग्राउंड लूप आयसोलेटर. छोटा काळा डबा, दोन्ही बाजूंना लाल-पांढऱ्या आरसीए वायरी (स्टिरिओपासून अ‍ॅम्पपर्यंत गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या), किंमत साधारण 300 ते 600 रुपये. मोबाइलच्या ऑक्स वायरीसाठी 3.5 मिलिमीटर जॅकचा प्रकार याहून स्वस्त मिळतो. हा लेख या दोन्ही बिनब्रँडच्या प्रकारांबद्दल आहे.

मत आधीच सांगून टाकतो. 3.5 मिलिमीटरचा आयसोलेटर पैसे वसूल करणारी वस्तू आहे, डोळे मिटून घ्यावा. आरसीएवाला घ्यावा तो दोष कुठे आहे हे शोधण्यासाठी. शिट्टी थांबली म्हणून तो तसाच वूफरच्या लाइनवर ठेवून देणं म्हणजे ज्या बाससाठी एवढा खर्च केला तोच कापून टाकणं.

आधी शिट्टी येते कुठून ते पाहू. अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. त्यात तीन फेजची एसी वीज तयार होते आणि सहा डायोड तिची डीसी करतात. ही डीसी बॅटरीच्या विजेसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा असतात. रोटरला 12 ध्रुव असतील तर एका फेऱ्यात सहा आवर्तनं होतात, आणि प्रत्येक आवर्तनात सहा लाटा, म्हणजे फेऱ्याला 36. क्रँकच्या पुलीपेक्षा अल्टरनेटरची पुली लहान असते, त्यामुळे तो इंजिनच्या दुप्पट-अडीचपट वेगाने फिरतो. अडीचपट धरलं तर 800 आरपीएमच्या आयडलला अल्टरनेटर 2000 आरपीएमवर असतो, सेकंदाला सुमारे 33 फेरे, आणि लाटांची वारंवारता 1200 हर्ट्झ. इंजिन 2400 ला नेलं की 3600 हर्ट्झ. माणसाचा कान साधारण याच पट्ट्यात सर्वात तीक्ष्ण असतो, म्हणून काही मिलिव्होल्टची लाटही त्रास देते.

या आकड्यांवरून लगेच एक निष्कर्ष निघतो. वूफरच्या अ‍ॅम्पवर लो पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचेच सूर पुढे सोडणारा) साधारण 80 हर्ट्झला लावलेला असतो. 1200 हर्ट्झची शिट्टी त्यातून ऐकू येण्याइतकी बाहेर येत नाही. तरीही वूफर बसवल्यावर शिट्टी सुरू झाली असेल, तर ती बहुधा समोरच्या दारांतल्या स्पीकरमधून येत आहे. वूफरची आरसीए वायर जोडल्यामुळे हेड युनिटच्या (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओच्या) अर्थिंगमध्ये नवा रस्ता तयार झाला आणि त्या रस्त्याने घाण हेड युनिटमध्ये शिरली. सिस्टिम चालू करून कान स्पीकरजवळ नेऊन शिट्टी नेमकी कुठून येते ते आधी ठरवावं. हा सोपा तपास बहुतेक जण वगळतात आणि मग उगाच वूफरचा अ‍ॅम्प बदलतात.

आता लूप म्हणजे काय ते. हेड युनिटची काळी वायर डॅशबोर्डमागे बॉडीला लागलेली असते, अ‍ॅम्पची काळी वायर डिकीत बॉडीला. गाडीचा पत्रा सगळीकडे एकाच व्होल्टेजवर असतो असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. अ‍ॅम्प जोरात वाजताना 30 अँपिअर ओढतो आणि अर्थिंगच्या सांध्यात 5 मिलिओहम रोध असेल, तर तिथेच 0.15 व्होल्ट पडतात. अल्टरनेटरचा चार्जिंग करंट, हेडलाइट, ब्लोअर, सगळे त्याच पत्र्यातून परत येतात आणि जागोजागी असा फरक तयार करतात. आरसीए वायरीची बाहेरची जाळी हेड युनिट आणि अ‍ॅम्प यांच्या अर्थिंगना पुन्हा एकदा जोडते, मग हा फरक त्या जाळीतून करंट ढकलतो. मध्यम आवाजाला आरसीएवर सिग्नल समजा 200 मिलिव्होल्टचा आहे आणि त्यात 2 मिलिव्होल्टची लाट मिसळली. सिग्नलच्या फक्त 40 डेसिबल खाली शिट्टी. गाण्याच्या शांत जागी ती स्पष्ट ऐकू येते.

आयसोलेटर हा रस्ता तोडतो. आत प्रत्येक चॅनेलसाठी एक असे दोन छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असतात, दोन्ही बाजूंना सारखेच वेढे. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याचा जोड राहत नाही, त्यामुळे जाळीतून करंट वाहायला जागाच उरत नाही. तत्त्व अगदी पक्कं आहे. प्रश्न आहे तो 400 रुपयांच्या डब्यात बसणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा.

घेतल्याबरोबर, गाडीत लावण्याआधी, मल्टिमीटरने दोन गोष्टी तपासाव्यात. इनपुटच्या आरसीएचं बाहेरचं कडं आणि आउटपुटच्या आरसीएचं बाहेरचं कडं यांच्यात कंटिन्युइटी (विजेचा थेट जोड) आहे का बघावी. बीप वाजला तर डबा परत करावा. आत ट्रान्सफॉर्मर असले तरी दोन्ही बाजूंची जाळी एकमेकींना जोडून टाकलेली असेल, तर तो काहीच तोडत नाही, आणि अशा जोडणीचे डबे बाजारात असतात. मग एकाच प्लगच्या मधल्या पिनेपासून कड्यापर्यंत ओहम मोजावेत. साधारण दहा-वीस ते शंभर-दीडशे ओहम यायला हवेत, लाल आणि पांढऱ्या चॅनेलचा आकडा जवळपास सारखा हवा. एका चॅनेलला आकडाच येत नसेल तर आतली वायर तुटलेली आहे.

तिसरी गोष्ट बासची, आणि इथेच हा डबा कमी पडतो. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात तयार होणारा चुंबकीय प्रवाह व्होल्टेजला वारंवारतेने भागून ठरतो. म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला 200 हर्ट्झपेक्षा 40 हर्ट्झला गाभ्यावर पाचपट ताण येतो. लहान गाभा तिथे भरून जातो, मग बास नुसता कमी होत नाही, फाटतोही. दुसरीकडे वेढ्यांचं इंडक्टन्स आणि हेड युनिटचा आउटपुट रोध मिळून खालच्या सुरांना कापणारा फिल्टर तयार होतो. एकूण रोध 300 ओहम आणि इंडक्टन्स 1 हेन्री असेल तर कापण्याचा बिंदू 48 हर्ट्झच्या आसपास येतो. वूफर जिथे काम सुरू करतो तिथेच डबा हात आखडता घेतो.

हे घरच्या घरी मोजता येतं. हेड युनिटचे बास, ट्रेबल, लाउडनेस, इक्वलायझर सगळे शून्यावर आणावेत. मोबाइलवरच्या टोन जनरेटरने 200 हर्ट्झचा सूर लावून आयसोलेटरच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजावेत, मग व्हॉल्यूम न हलवता 60, 50, 40, 30 हर्ट्झला. मोजताना आउटपुट अ‍ॅम्पलाही जोडलेलं असावं. हेच सगळं आयसोलेटर काढून पुन्हा मोजावं, म्हणजे हेड युनिटची स्वतःची घट वेगळी काढता येते. 40 हर्ट्झला आकडा 200 च्या तुलनेत 70 टक्क्यांवर आला तर 3 डेसिबल गेले, निम्म्यावर आला तर 6 डेसिबल. संदर्भाला 1000 हर्ट्झ घेऊ नये, कारण साध्या मल्टिमीटरचं एसी माप 400 हर्ट्झच्या पुढे भरवशाचं नसतं. आणि डीटी-830 जातीचा स्वस्त पिवळा मीटर या कामाला चालत नाही, त्याची सर्वात खालची एसी रेंजच 200 व्होल्टची असते. एसीमध्ये मिलिव्होल्ट किंवा 2 व्होल्टची रेंज असलेला मीटर हवा.

हेड युनिटचा व्हॉल्यूम कमी ठेवून अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारं बटण) वाढवला तर गाभ्यावरचा ताण कमी होतो, फाटणं थांबतं. पण गेन वाढवला की उरलेला सगळा गोंगाटही वर येतो. ही तडजोड वाईट आहे. गेन शक्य तितका खाली आणि हेड युनिटकडून शक्य तितका मोठा सिग्नल, हेच सूत्र शिट्टी कमी ठेवतं. प्रीआउट (हेड युनिटचं आरसीए आउटपुट) 2 व्होल्टऐवजी 4 व्होल्टचा असेल तर त्याच अर्थिंगवर शिट्टी 6 डेसिबलने मागे जाते.

आता तपासाचा क्रम. आयसोलेटर या क्रमात मधे कुठेतरी येतो, सुरुवातीला नाही.

चावी ऑनवर ठेवावी, इंजिन बंद. आवाज आत्ताच येत असेल आणि एकाच सुरात असेल, तर तो अल्टरनेटरचा नाही. फ्युएल पंपाची गुणगुण, गेन जास्त असल्याची सळसळ, मोबाइल चार्जरचा किणकिणाट, यांचे इलाज वेगळे. इंजिन चालू केल्यावर टकटक येते आणि वेगाबरोबर तिचा ठेका वाढतो, ती इग्निशनची. शिट्टीसारखा अखंड सूर आरपीएमबरोबर सरकतो तोच आपल्या कामाचा.

मग इंजिन चालू ठेवून हेड युनिटचा व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. शिट्टी व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल, तर ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरते: ऑक्स, यूएसबी, अँटेना. व्हॉल्यूम शून्यावरही तेवढीच राहत असेल, तर ती नंतर शिरते: आरसीए, अ‍ॅम्प, अर्थिंग. या एका चाचणीत निम्मी गाडी तपासातून बाद होते.

व्हॉल्यूमबरोबर बदलणारी शिट्टी असेल तर सर्वात मोठा संशयित म्हणजे चार्जरला लावलेला मोबाइल आणि त्याच मोबाइलला लावलेली ऑक्स वायर. चार्जरची अर्थिंग लाइटर सॉकेटमधून, ऑक्सची अर्थिंग हेड युनिटमधून, आणि मोबाइलच्या आत दोन्ही एक. चार्जर काढला की शिट्टी गेली, तर दोष सापडला. यूएसबीच्या विजेवर चालणारे छोटे ब्लूटूथ रिसीव्हर जुन्या स्टिरिओच्या ऑक्सला लावतात, त्यांचंही हेच. इथे 3.5 मिलिमीटरचा आयसोलेटर ऑक्स वायरीत लावावा आणि निर्धास्त राहावं. ऑक्सचा सिग्नल लहान असतो, दारातल्या स्पीकरना 40 हर्ट्झची फारशी अपेक्षा नसते, त्यामुळे बासची घट जाणवण्याइतकी राहत नाही. या जागेवर त्याला पूर्ण गुण. मात्र चार्जर स्वतःच विजेच्या वायरीतून गोंगाट सोडत असेल आणि तो एफएमवर ऐकू येत असेल, तर आयसोलेटर उपयोगी नाही, चार्जर बदलावा.

चार्जर निर्दोष निघाला तर हेड युनिटच्या मागे लागलेल्या बाकीच्या जाळीच्या वायरी एकेक काढून बघाव्यात. अँटेनाचा जॅक काढावा, कारण अँटेनाची जाळी छतावर बॉडीला टेकलेली असते. आणि हल्ली ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही तो रिव्हर्स कॅमेरा: त्याची वीज डिकीजवळच्या रिव्हर्स लाइटवरून, त्याची व्हिडिओ आरसीए हेड युनिटपर्यंत. रिव्हर्स गिअर टाकलेला नसला तरी अर्थिंग कायम जोडलेलीच असते. कॅमेऱ्याची आरसीए काढल्यावर शिट्टी गेली तर कॅमेऱ्याची काळी वायर रिव्हर्स लाइटवरून सोडवून हेड युनिटच्या अर्थिंगवर आणावी. ऑडिओचा आयसोलेटर व्हिडिओच्या वायरीत लावू नये, चित्र जातं.

व्हॉल्यूमने न बदलणाऱ्या शिट्टीसाठी दोन शॉर्टिंग प्लग बनवावेत. साधे आरसीए मेल प्लग घेऊन मधली पिन आणि बाहेरचं कडं आतून डाग देऊन जोडायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत असे प्लग किरकोळ पैशांत मिळतात. सिस्टिम पूर्ण बंद करून अ‍ॅम्पच्या आरसीए काढाव्यात, त्या जागी हे प्लग घालावेत, मग इंजिन चालू करावं. चालू अ‍ॅम्पवर आरसीए काढू-घालू नयेत, कारण पुढे सांगितलेला पिको फ्यूजचा दोष त्यानेही होऊ शकतो. शॉर्टिंग प्लग लावूनही शिट्टी येत असेल तर ती अ‍ॅम्पची वीज, अ‍ॅम्पची अर्थिंग किंवा खुद्द अ‍ॅम्प. तिथे कितीही आयसोलेटर लावले तरी फरक पडणार नाही. प्लग लावल्यावर शांतता झाली तर दोष आरसीएच्या मार्गात किंवा हेड युनिटच्या बाजूला.

इथे आयसोलेटरची पाळी येते. प्लग काढून आरसीए आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये तो घालावा. शिट्टी पूर्ण गेली, तर लूप आहे हे नक्की, आता लूप कुठे हे शोधायचं. शिट्टी थोडी कमी झाली पण राहिली, तर दोन दोष आहेत, किंवा आरसीए वायर पॉवरच्या वायरीला चिकटून गेली आहे आणि लाट चुंबकीय मार्गाने शिरते. जुन्या वायरीला हात न लावता एक वेगळी आरसीए सीटवरून थेट डिकीत टाकून बघावी. अजिबात फरक पडला नाही, तर लाट हेड युनिटच्या आतच सिग्नलमध्ये मिसळलेली आहे. मिसळून गेलेलं ट्रान्सफॉर्मर वेगळं करू शकत नाही.

आणि चौथी शक्यता, जी फार बोलकी आहे. आयसोलेटर लावताच आवाज एकदम बारीक, पोकळ झाला, गायकाचा आवाज जवळपास गायब आणि कडेची वाद्यं तेवढी उरली. याचा अर्थ हेड युनिटच्या आरसीएची जाळी आतल्या सर्किटपासून तुटलेली आहे. परतीचा रस्ता नसल्यामुळे दोन्ही ट्रान्सफॉर्मर डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या मधे मालिकेत जोडल्यासारखे झाले, आणि त्यातून फक्त दोन चॅनेलमधला फरक वाहतो. गायकाचा आवाज दोन्हींत सारखा असतो, तो फरकात उरतच नाही. अनेक हेड युनिटमध्ये आरसीएच्या अर्थिंगवर एक अतिसूक्ष्म पिको फ्यूज किंवा बारीक ट्रॅक असतो. अ‍ॅम्पची काळी वायर सैल असताना आरसीए जोडली, की अ‍ॅम्पचा सगळा करंट त्या जाळीतून परत यायला बघतो आणि तो फ्यूज क्षणात उडतो. तपासायचं असेल तर आरसीए काढून हेड युनिटच्या आरसीएचं कडं आणि त्याच्या लोखंडी बॉडीमधला रोध मोजावा, तो शून्याच्या जवळ हवा. किंवा सिस्टिम चालू असताना वायरीचा एक तुकडा कड्याला आणि बॉडीला टेकवावा. शिट्टी तिथल्या तिथे थांबली तर हाच दोष. कायमचा इलाज म्हणजे युनिट उघडून फ्यूज बदलणं. तात्पुरता म्हणजे ती वायर पक्की बांधणं.

लूप आहे हे ठरल्यावर खरं काम अर्थिंगचं, आणि बहुतांश शिट्ट्या इथेच संपतात. अ‍ॅम्पची काळी वायर लाल वायरीइतक्याच जाडीची हवी आणि 45 सेंटिमीटरपेक्षा लांब नको. 4 गेज म्हणजे सुमारे 21 चौरस मिलिमीटर, 8 गेज म्हणजे 8 च्या आसपास. स्वस्त वायरिंग किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, त्याचं विद्युतवहन तांब्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. चाकूने एक तार खरवडून बघावी, आत चंदेरी निघाली तर दोन गेज जाड घ्यावी, किंवा तांब्याचीच घ्यावी. जागा निवडताना डिकीचं झाकण, सीटच्या पातळ पट्ट्या आणि सीटबेल्टचा बोल्ट टाळावा. बेल्टच्या बोल्टचा टॉर्क जिवाशी निगडित असतो, त्याखाली लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) घुसवायचा नाही. चासिसचा जाड भाग, मागच्या शॉकअपच्या बुरुजाजवळचा, सर्वांत उत्तम. ड्रिल करण्याआधी खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेक पाइप नाही ना, हे गाडीखाली जाऊन बघावं. रंग आणि प्रायमर पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा, क्रिंप केलेला लग, स्टार वॉशर आणि 8 मिलिमीटरचा बोल्ट आवळावा. वर ग्रीस किंवा रंग लावावा. कोकणात, गोव्यात, मुंबईत दमट हवेने हा सांधा एका पावसाळ्यात गंजतो, आणि मग गेलेली शिट्टी परत येते.

सांधा बरा आहे की नाही हे ओहममध्ये मोजू नये. साध्या मीटरच्या प्रोबचाच रोध 0.2-0.3 ओहम असतो, आपण शोधतोय मिलिओहम. व्होल्टेज मोजावं. इंजिन चालू, हेडलाइट चालू, गाणं जोरात, आणि मीटर डीसीवर: एक प्रोब अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हवर. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, 0.2 च्या वर गेला तर सांधा उघडून पुन्हा करावा. टर्मिनलपासून पत्र्यापर्यंत, पत्र्यापासून बॅटरीपर्यंत असे तुकडे करून मोजलं की नेमका कुठे व्होल्टेज पडतो तेही दिसतं. बॉनेटखाली इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थ स्ट्रॅप आणि बॅटरी निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी वायर जुन्या गाड्यांत हिरवी पडलेली असते. त्या साफ केल्या किंवा बदलल्या की शिट्टीबरोबर सेल्फचं दमणंही बऱ्याचदा कमी होतं.

हेड युनिटची बाजू तपासायला यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी फार उपयोगी पडते. हेड युनिटची लाल, पिवळी आणि काळी वायर गाडीच्या हार्नेसपासून सोडवून, मधे 10 अँपिअरचा फ्यूज घालून, या बॅटरीवर लावावी. शिट्टी गेली तर ती हेड युनिटच्या विजेतून किंवा अर्थिंगमधून येत होती. मग फक्त काळी वायर परत बॉडीला टेकवावी. शिट्टी परतली तर अर्थिंग, नाही परतली तर प्लसची लाइन. प्लसची असेल तरच पॉवर लाइन नॉइज फिल्टर घ्यावा, चोक आणि कपॅसिटर असलेला 10 किंवा 15 अँपिअरचा, हेड युनिटच्या पिवळ्या वायरीवर. किंवा पिवळी वायर फ्यूजसह थेट बॅटरीवरून आणावी, तोही तितकाच चांगला उपाय. हा फिल्टर अ‍ॅम्पच्या मुख्य वायरीवर लावायचा नसतो, तिथला करंट त्याच्या कुवतीबाहेरचा असतो. शिट्टीसाठी एक फॅरडचा मोठा कपॅसिटर विकला जातो, त्याने अर्थिंगचा लूप तुटत नाही.

शेवटचा संशयित खुद्द अल्टरनेटर. सगळी अर्थिंग नीट असूनही शिट्टी जोरदार आणि तीही घोगरी असेल, रात्रभरात बॅटरी उतरत असेल, तर डायोड प्लेट बघावी. एक डायोड गेला की लाटा मोठ्या होतात आणि त्यांत खालचा सूर मिसळतो. वरच्याच गणिताने आयडलला 1200 च्या जोडीला 200 हर्ट्झच्या आसपासचा. इंजिन 1500-2000 आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मीटर एसीवर, प्रोब अल्टरनेटरच्या जाड प्लस टर्मिनलवर आणि त्याच्याच बॉडीवर. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर डायोड चांगले. 0.5 च्या वर गेला तर अल्टरनेटर उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे प्लेट तपासायला द्यावा. काही मीटर एसीवर डीसीसुद्धा दाखवतात. आधी इंजिन बंद असताना बॅटरीवर एसी मोजावं, तिथे शून्याऐवजी काही आकडा आला तर तो मीटर या कामाचा नाही. आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची पद्धत अजूनही काही गॅरेजांत दिसते, ती कोणालाही करू देऊ नये. त्या क्षणी अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर), हेड युनिट, अ‍ॅम्प यांपैकी काहीही जळू शकतं.

कंपनीचं हेड युनिट ठेवून अ‍ॅम्प लावणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. या युनिटना बहुधा आरसीए नसते, स्पीकरच्या वायरींवरून हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा मोठा सिग्नल आरसीएच्या पातळीला आणणारा) लावावा लागतो. स्पीकरची मायनस वायर म्हणजे अर्थिंग नव्हे. ती बॉडीच्या तुलनेत 6 ते 7 व्होल्टवर असते, मीटरने बघता येतं. ती बॉडीला टेकवली तर युनिटमधली ऑडिओ चिप जाण्याची भीती. ट्रान्सफॉर्मरवाला कन्व्हर्टर स्वतःच आयसोलेटर असतो, त्याच्या पुढे आणखी एक आयसोलेटर लावून बास दोनदा कापू नये. अ‍ॅम्पला हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरी थेट घेणारं) असेल तर तेच वापरावं. ते इनपुट बहुधा दोन तारांमधला फरक घेतं आणि दोन्हींवर सारखी आलेली घाण सोडून देतं, शिवाय सिग्नलही मोठा असतो.

मग आरसीए आयसोलेटर कायमचा कुठे ठेवावा? समोरच्या स्पीकरच्या अ‍ॅम्पवर, हाय पास फिल्टर 80 हर्ट्झच्या वर असेल तर. तिथे खालचे सूर तसेही कापलेले असतात, डब्याचं नुकसान ऐकू येत नाही. भाड्याच्या किंवा कंपनीच्या गाडीत, जिथे पत्रा खरवडणं शक्य नाही, तिथेही. वूफरच्या लाइनवर ठेवणं भागच असेल तर मोठ्या गाभ्याचा, खालच्या वारंवारतेचे आकडे दिलेला महाग आयसोलेटर घ्यावा, आणि तोही वर सांगितल्याप्रमाणे 200 आणि 40 हर्ट्झला मोजून.

बसवताना डबा अ‍ॅम्पच्या टोकाला ठेवावा, हेड युनिटच्या नाही. ट्रान्सफॉर्मर बाहेरचं चुंबकीय क्षेत्रही पकडतो, म्हणून अ‍ॅम्पच्या जाड लाल वायरीपासून आणि वूफरच्या चुंबकापासून तो निदान एक वीत लांब असावा. आडवा-उभा फिरवून जिथे गुणगुण सर्वांत कमी तिथे बांधावा. लाल वायर एका बाजूच्या फूटबोर्डाखालून, आरसीए दुसऱ्या बाजूने, आणि जिथे एकमेकींना ओलांडणं टळत नाही तिथे काटकोनात. डब्याची लोखंडी बॉडी असेल तर ती गाडीच्या पत्र्याला टेकू देऊ नये. आत एखाद्या बाजूची जाळी बॉडीला जोडलेली असली तर तोडलेला लूप स्क्रूमधून पुन्हा जुळतो. इन्सुलेशन टेप गुंडाळून, केबल टायने प्लास्टिकच्या भागाला बांधलेला बरा.